कुणालाही विचारायचं नाही

"विचारायचं नाही! कुणालाही काही विचारायचं नाही! जोशी, परत फिरा! पानवाल्याकडून परत फिरा!"

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर चढून, पुठ्ठ्याचा कर्णा तोंडाला लावून एक माणूस ओरडत होता. आवाज असा, की तिकडे कल्याणच्या बाजारात कांद्याची पोती उतरवणारे हमालसुद्धा क्षणभर थांबले असतील. खाली नाक्यावर पहिल्या मजल्यावरचे जोशी हातात नकाशा घेऊन पानवाल्यापुढे चोरासारखे उभे होते.

"मी तंबाखू घेतोय!" जोशी खालून ओरडले.

"तुम्ही तंबाखू खात नाही!"

"आजपासून खातो!"

आणि जोशींनी खरोखर तंबाखू घेतली. घेताघेता पानवाल्याला विचारूनही घेतलं. पानवाल्यानं तोंडातलं पान न थुंकता चुन्याचं बोट टेकडीच्या दिशेनं केलं. लगेच टाकीवरून दुसरी आरोळी: "बोटसुद्धा दाखवायचं नाही!"

हे आमचे शेजारी. तुमच्याही आळीत असा एखादा असेल, ज्याला काहीतरी खूळ असतं आणि ते खूळ सगळ्यांना वाटून टाकायची घाई असते. कुणी साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटतं, कुणी खतासाठी गांडुळं वाटतं. आमच्या वाट्याला होकायंत्र आलं. म्हणून आम्ही त्यांना कंपासराव म्हणायचो. खरं नाव सांगत नाही. पाटीवर होतं, पण ते त्यांनी इतक्या बारीक आणि इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेलं की पोस्टमनला भिंग लागायचं.

ठाण्याच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. दिवसभर टेबलावर वाकून यंत्रांची चित्रं काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन माणसांना सरळ करायचे. म्हणजे खरोखरच. ते तुमच्याशी बोलायला लागले की आधी तुमचे दोन्ही खांदे धरायचे आणि तुमचं तोंड उत्तर दिशेला करायचे. नमस्कार वगैरे त्यानंतर. "आपण कुठं तोंड करून उभे आहोत हे माणसाला आधी कळलं पाहिजे," असं म्हणायचे. मोकळ्या जागेत हे एक वेळ चालेल. पण जिन्यात भेटले तर उत्तरेला भिंत यायची. मी त्या भिंतीशी इतकं बोललोय, की माझ्या घरातली सगळी भांडणं तिला तोंडपाठ होती.

आता त्या काळची डोंबिवली तुम्ही पाहिली असेल तर ठीक, नसेल तर सांगतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य. रस्त्यांना नावं नव्हती, आणि ज्यांना होती त्यांची ती त्यांना स्वतःलाही माहीत नव्हती. आज भातखाचर दिसलं तर उद्या तिथं पाया, परवा स्लॅब आणि तेरवा गॅलरीत वाळत घातलेले लंगोट. पत्ता म्हणून आम्ही पत्रात लिहायचो, 'स्टेशनवर उतरून कुणालाही विचारा.' आणि पाहुणा विचारत विचारत बरोबर यायचा. वाटेत चार ठिकाणी चहा पिऊन, आमच्या घरची बित्तंबातमी घेऊन यायचा. रस्ता सांगणं हा आमच्या गावचा खरा खेळ. मी तर ठाऊक नसलेला रस्तासुद्धा सांगायचो. एवढ्या आशेनं विचारणाऱ्याला नाही म्हणणं बरं दिसतं का?

अशा गावात हा एकच माणूस असा, की जो कुणाला विचारायचा नाही आणि कुणी विचारलं तर सांगायचा नाही. नकाशा काढून द्यायचा. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला कल्याणची मंडळी आली. नाक्यावर त्यांना नेमके कंपासराव भेटले. त्यांनी मुलाच्या बापाचे खांदे धरून त्याला उत्तरेला लावलं, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला झकास नकाशा काढला, उंचवट्याच्या रेषांसकट, आणि पाठवून दिलं. मंडळींनी नकाशा उलटा धरला. पोचली ती भलत्याच इमारतीत, भलत्याच घरी. तिथं योगायोगानं पोहे तयार होते आणि लग्नाची मुलगीही होती. पसंती झाली. लग्न झालं. जेवायला कंपासरावांना बोलावलं आणि तिसऱ्या मजल्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते म्हणाले, "नकाशा बरोबर होता. धरणाऱ्याची चूक."

ही त्यांची दुसरी आवडती ओळ. नकाशा कधी चुकत नाही.

त्यांना हे खूळ लागलं रद्दीच्या दुकानात. कुठल्याशा थंड देशातलं जुनं मासिक मिळालं, त्यात फोटो होते. जंगलात हातात नकाशा घेऊन माणसं धावतायत. तरणी पोरं ठीक आहे, पण बरोबर पांढऱ्या केसांच्या आज्या, पाठीवर तान्हं पोर बांधलेली बाई, आणि एक माणूस तर चाकाच्या खुर्चीत, मांडीवर नकाशा पसरून. या खेळाला ओरिएंटियरिंग म्हणतात. आमच्या इमारतीत हा शब्द एकालाही पुरता म्हणता आला नाही. जोशी 'ओरिएंटल विमा' म्हणायचे. कंपासरावांनी नाव ठेवलं, दिशाशोध. खेळ काय? तर हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर दाखवलेल्या जागी झेंडे बांधलेले. एकामागून एक झेंडा शोधायचा, तिथला ठसा आपल्या कार्डावर उमटवायचा आणि परत यायचं. संपलं. म्हणजे वाट चुकलेला माणूस जे रडत रडत करतो, ते आपण हसत हसत करायचं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "अहो, डोंबिवलीत राहतो आपण, रोजच खेळतो की हे!" त्यांनी माझे खांदे धरले आणि मी भिंतीकडे बघत गप्प बसलो.

थट्टा पुष्कळ केली मी त्यांची. सगळ्यांनीच केली. पण त्यांच्या खुळाला एक कारण होतं, आणि ते दिवसभर गॅलरीत बसलेलं आम्हाला दिसायचं.

त्यांची मुलगी, मीनू. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणंही आलं नव्हतं. आता बघा, ज्या गावात पानवाल्याला विचारल्याशिवाय माणूस स्वतःच्या सासरी पोचत नाही, तिथं जिला विचारताच येत नाही तिनं जायचं कसं? वहिनी, म्हणजे कंपासरावांची बायको, तिला फाटकाबाहेर पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. दळण आणायलासुद्धा बरोबर. मनगट धरून. ठाण्याला अशा मुलींसाठी एक वर्ग निघाला होता. चित्रकला, ट्रेसिंगचं काम, नोकरीपर्यंत पोचवणारा. कंपासरावांना तिला तिथं घालायचं होतं. रोज नेऊन सोडणं-आणणं दोघांनाही जमणारं नव्हतं. वहिनींचं एकच म्हणणं, आणि ते सगळ्या इमारतीनं सगळ्या भिंतींमधून ऐकलेलं: "एकटी कशी जाईल ती?"

शेवटी नवरा-बायकोत पैज लागली. दिशाशोधाचा मोठा टप्पा, टेकडीला वळसा घालून येणारा, मीनूनं एकटीनं पुरा केला, कुणी शोधायला न जाता, कुणाची मदत न घेता, तर ती ठाण्याच्या वर्गाला जाईल. नाही केला, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. वहिनींनी हे जिन्यात, सगळ्यांसमोर वदवून घेतलं. मी साक्षीदार. तोंड उत्तरेला.

म्हणून ती स्पर्धा. बाकी आम्ही सगळे तिच्या सोबतीला जुंपलेली गाढवं.

तयारी काय सांगू! झेंडे वहिनींच्या जुन्या परकरांचे, अर्धे लाल रंगात बुचकळलेले. ठशांना पैसे नाहीत म्हणून भाज्या कापल्या. भेंडीचा ठसा फुलासारखा उमटतो, कारल्याचा कातरलेल्या नाण्यासारखा, बटाट्यावर त्यांनी स्वतः कोयता कोरला. विहिरीजवळचा बटाटा सुरुवात व्हायच्या आधीच शेळीनं खाल्ला, शाईसकट; दुसरा कापावा लागला. ती शेळी पुढं महिनाभर निळ्या लेंड्या टाकत होती असं मी सांगतो, आणि माझ्यावर विश्वास न ठेवणारी माणसं त्या वेळी डोंबिवलीत राहत नव्हती. नकाशा दर रविवारी नव्यानं काढावा लागे, कारण शाई वाळेपर्यंत एखादी इमारत उभी राहायची. उद्घाटनाला एका बड्या पाहुण्यांना बोलावलं होतं. त्यांना पत्त्याऐवजी नकाशा पाठवला. ते आले नाहीत. अजूनही कुठंतरी फिरत असतील.

आणि 'सगळ्यांसाठी' म्हणजे सगळ्यांसाठी. आज्यांना इमारतीभोवतीचा टप्पा. पोरांना मैदानापर्यंतचा. तळमजल्यावरचे नाना अर्धांगानं खिळलेले. त्यांना खुर्चीसकट चौघांनी गच्चीवर चढवलं. तिथून विहिरीजवळ तीन झेंडे दिसत होते. नकाशावर दाखवलेला खरा कोणता, एवढं ओळखायचं. "पाय लागतच नाहीत या खेळाला," कंपासराव सांगायचे, "डोळे लागतात. आणि कुणाला न विचारायची हिंमत." नाना पुष्कळ वेळ बघत राहिले आणि त्यांनी मधला झेंडा ओळखला. बरोबर निघाला. त्यानंतर नाना हयात होते तोवर इमारतीत भूगोलावर दुसऱ्या कुणाला तोंड उघडता आलं नाही.

तर रविवारची सकाळ. थंडीचे दिवस. सगळ्यांत शेवटी मीनू निघाली. परकर-पोलकं, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात होकायंत्र. वहिनी फाटकाशी पदराचा बोळा तोंडात धरून. कंपासरावांनी मुलीचे खांदे धरले, तिला उत्तरेला लावलं आणि खुणेनं तोच धडा पुन्हा दिला, जो ते वर्षभर देत होते. झेंडा दिसला नाही तर नकाशा लाव. पुन्हा बघ. जागा बरोबर असेल तर जागा सोडू नकोस.

मीनू टेकडीमागं दिसेनाशी झाली, आणि मग आमचे बाकीचे रणगाजी एकेक करून परत यायला लागले. जोशी तंबाखूनं गरगरलेले. त्यांच्यामागून बाकीचे. प्रत्येकाच्या कार्डावर सगळे ठसे आणि प्रत्येकाच्या पिशवीत वांगी. एकजात सगळ्यांच्या पिशवीत वांगी! कंपासराव शेवटच्या रेषेवर खुर्ची टाकून बसले होते, ते उठून उभे राहिले.

"वांगी कुठली?"

"ताराबायकडची," जोशी म्हणाले. "तुमचा भेंडीचा ठसा तिच्या ओटीवर होता ना! गेलोच आहोत तर म्हटलं ताजी वांगी घेऊ."

"ओटीवर? झेंडा तिच्या वाडीतल्या चिंचेवर होता."

"छे! चिंचेवर काही नव्हतं. आम्ही विचारलं. शेजारच्या पोरानं सांगितलं, म्हातारीनं उतरवून घरात नेलाय."

ताराबाय म्हणजे तिथली मूळची आगरी बाई. भातशेती, मिठागरं बघितलेली. बाकीची जमीन पोरांनी विकून जीप घेतली, पण टेकडीच्या पायथ्याची वांग्यांची वाडी म्हातारी सोडत नव्हती. आणि आमच्या थोर नकाशाकारानं, कुणाला काही न विचारण्याचा ज्यांचा धर्म, त्यांनी तिच्या वाडीत शिरून तिच्या चिंचेला झेंडा बांधला होता. अर्थातच न विचारता.

कंपासरावांचा चेहरा असा झाला, की होकायंत्रातली सुई गळून पडावी. मला कळलं, त्यांना काय दिसतंय ते. बाकी सगळे झेंडा नाही म्हणताच विचारत सुटले. मीनू विचारणार कुणाला? ती चिंचेखाली उभी असणार. नकाशा लावत असणार. पुन्हा बघत असणार. जागा बरोबर होती, म्हणजे ती जागा सोडणार नव्हती. संध्याकाळ झाली तरी नाही, पुढचा पावसाळा आला तरी नाही. एवढं पक्कं शिकवलेलं.

ऊन चढलं. वहिनींचा पदर तोंडातून निघाला.

"एकटी सोडलीत तिला! एकटी! बोलता येत नाही पोरीला, टेकडीवर खाणी आहेत, विहिरी आहेत! उठा! बसलाय काय?"

"येईल," कंपासराव म्हणाले.

"भावोजी, तुम्ही तरी जा!"

मी उठलो, तशी सगळी इमारत उठली. आणि मग आमच्या शूर मंडळींनी जे केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. सगळेच्या सगळे मैदानाच्या कडेला गेले आणि छाती फुटेपर्यंत हाका मारायला लागले. "मीनूऽऽ! ए मीनूऽऽ!" जोशींनी तो पुठ्ठ्याचा कर्णासुद्धा आणला. जन्मापासून जिला आमच्यातल्या एकाचाही आवाज पोचला नव्हता, तिला हाका! पार टिटवाळ्यापर्यंतच्या सगळ्या मीनूंनी ओ दिली असेल, एक सोडून.

"गप्प बसा!" कंपासराव ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी जरा जाऊन येतो. पोट बिघडलंय."

कुणाला संशय आला नाही. एवढ्या काळजीत पोट बिघडणारच. पण पोट बिघडलेला माणूस घराकडे जातो, आणि हे चालले होते वीटभट्टीच्या मागून, वाकून. मी मागोमाग गेलो. असा तमाशा चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

ताराबाय ओटीवर पाय पसरून वांगी निवडत होती. कंपासराव वाडीच्या काटेरी कुपाटीपाशी थांबले. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. दाढ काढताना माणूस असा दिसतो. उभ्या आयुष्यात ज्यानं स्वतःच्या लग्नाच्या मांडवाचाही रस्ता कुणाला विचारला नव्हता, तो माणूस घाम पुसत म्हणाला,

"ताराबाय... माझी मुलगी... तुम्ही बघितलीत का हो?"

म्हातारीनं मान वर केली. "आता इचारतंस? आन सकाली? सकाली बगतंय तं माज्या चिंचेवर लाल-पांडरा फडका! मना इचारलास? चिंचेला तरी इचारलास?"

"चुकलं."

"चुकलं बोलतो! भेंडी पन बांदलीस. माज्या वाडीत माजीच भेंडी दोरीला टांगतंस!"

"चुकलं, ताराबाय. मुलगी..."

"हाय, तितं चिंचेखाली बसलीय. हाका मारून माजा गला सुकला. वलूनसुदा बगत नाय. बहिरी हाय का ती?"

"हो," कंपासराव म्हणाले.

ताराबायनं हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. "तरीच," म्हणाली. "मंग ताक नेऊन दिला. प्याली. मना नमस्कार केलान. पन उटत नाय. कागुद बगतंय, न् चिंच बगतंय. कागुद बगतंय, न् चिंच बगतंय." आतून झेंडा आणि ती सुकलेली भेंडी आणून तिनं त्यांच्या हातात दिली. "घे तुजा फडका. जा, आन तिला."

पण आणायचं कसं? आणलं तर पैज गेली, आणि पैजेबरोबर ठाण्याचा वर्ग.

यानंतर जे झालं ते मी कुपाटीच्या फटीतून, माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं. हा खेळ डोंबिवलीत आणणारा, नियमांचा बाप, पानवाल्याच्या बोटालासुद्धा हरकत घेणारा हा माणूस झेंडा दातांत धरून पोटावर आडवा झाला आणि वांग्यांच्या सरीतून सरपटत निघाला. वांग्याच्या झाडाला काटे असतात हे कुणीतरी त्यांना आधी सांगायला हवं होतं. पण ते विचारणार थोडेच? दर हातभर अंतरावर "स्स्" असा आवाज यायचा. मुलीला ऐकू येत नाही हे तरी बरं होतं. मधेच त्यांचा पार्श्वभाग वांग्यांच्या वर यायचा, तळ्यात म्हैस वर यावी तसा, आणि पुन्हा बुडायचा. मीनू चिंचेच्या अलीकडे, नकाशात डोकं घालून. हे पलीकडून पोचले. हात वर आला, झेंडा फांदीला लागला, भेंडी लटकली. म्हैस परत बुडाली.

मीनूनं मान वर केली.

झेंडा बघून तिला आश्चर्य वाटलेलं मला दिसलं नाही. ती उठली, परकर झटकला, भेंडी जवळच्या शाईच्या डबीत बुडवून कार्डावर नीट ठसा उमटवला. वांग्यांच्या सरीकडे तिनं एकदा पाहिलं. पाहिलं तेवढं मी सांगतो. काय दिसलं ते तिचं तिला ठाऊक. मग होकायंत्र हातात घेतलं, नकाशा लावला आणि चालायला लागली.

कंपासराव खाणीच्या बाजूनं धावले. हो, धावले! मी मागं, धापा टाकत. आम्ही पोचलो, ते खुर्चीत बसले, पाय जुळवले, आणि जन्मात कधी खुर्चीवरून उठलोच नव्हतो असा चेहरा केला. तेवढ्यात मैदानाच्या टोकाला मीनू दिसली. एकटी. कुणी हात धरलेला नाही. सगळी इमारत किंचाळली, टाळ्या, शिट्ट्या, नाना गच्चीवरून खुर्चीचे हात बडवतायत. यातलं काहीएक न ऐकता ती सरळ रेषेवर आली आणि तिनं कार्ड बापाच्या हातात दिलं.

"आली ना?" कंपासराव बायकोला म्हणाले. "कुणाला विचारलं नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. गुडघ्यांकडे. गुडघ्यांना ओला चिखल, शर्टाला वांग्याचं पान. बघितलं, आणि मुलीला जवळ घेतलं. मी गप्प राहिलो. मी गप्प राहिलो, हे वाक्य माझ्याबाबतीत इमारतीतला एकही माणूस खरं मानणार नाही.

पुढच्या महिन्यापासून मीनू ठाण्याला जायला लागली. पुढची स्पर्धा झालीच नाही. टेकडीखाली प्लॉट पडले, चिंच गेली, वांगी गेली, नकाशात सगळीकडे चौकोनच चौकोन झाले. कंपासराव म्हणाले, "यात शोधायला काय राहिलं?" नव्वदनंतर त्यांनी ठाण्यात माजिवड्याला घर घेतलं, मीनूच्या नोकरीला जवळ पडावं म्हणून. वास्तुशांतीच्या आमंत्रणाबरोबर नकाशा होता. मी गेलो नाही. नकाशा कुठंतरी फळीवर डब्याखाली अंथरला गेला.

कंपासराव गेल्याचं मला उशिरा कळलं. माजिवड्याला गेलो. म्हटलं, विचारत जाऊ. एकसारख्या इमारती, एकसारखी फाटकं, जणू एकच इमारत छापखान्यात काढली असावी. मी वॉचमनला विचारलं, वाण्याला विचारलं, गाड्या पुसणाऱ्यांना विचारलं. "नाव काय? विंग कुठली? फ्लॅट नंबर?" कुणी कुणाला ओळखत नाही. माझा सगळा जन्माचा खेळ तिथं संपला. हातात मोसंबी घेऊन मी उन्हात गोल गोल फिरत होतो, इतक्यात मागून कुणीतरी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला वळवलं.

मीनू होती. खांद्याला ऑफिसची पर्स. तिनं मला बरोबर एका इमारतीसमोर उभं केलं, आणि पुढं चालायला लागली.

वहिनींनी पाणी दिलं. भिंतीवर कंपासरावांचा फोटो होता, खाली ते होकायंत्र. मीनू आत चहा टाकत होती. मग इतकी वर्षं पोटात ठेवलेली ती गोष्ट मला राहवेना. माणूस गेलेला, आता कुणाची पैज नि कुणाचं काय.

"वहिनी, एक सांगू? त्या दिवशी ते गेले होते. ताराबायला विचारलं त्यांनी. झेंडाही त्यांनीच परत लावला."

वहिनींनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी त्याच संध्याकाळी ताराबायकडे जाऊन विचारलं होतं."